टॉवेलचे नमुने घेऊन मळवलीला

सोलापूरच्या माणसाला लोणावळा म्हणजे मुंबईला जाताना खिडकीतून दिसणारं गाव. गाडी थांबते, चिक्कीवाले येतात, आपण एक डबा घेतो आणि गाडी घाट उतरायला लागते. खाली उतरून तिथं राहावं असं आमच्या घरात कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं. त्यामुळं गेल्या कार्तिकात अप्पा जेवता जेवता म्हणाले की लोणावळ्याच्या अलीकडं मळवली म्हणून गाव आहे, तिथं क्लाउस साहेब आलेत आणि आपल्याला चार दिवस बोलावलंय, तेव्हा मी आधी कामाचा विचार केला आणि मग स्वेटरचा.

अप्पा म्हणजे माझे वडील. सोलापुरात आमचा टॉवेलचा कारखाना आहे. तो त्यांनी उभा केला आणि आता मी चालवते. क्लाउस साहेब जर्मनीतले, हँबुर्गजवळच्या एका गावचे व्यापारी. तिकडच्या हॉटेलांना आणि वृद्धाश्रमांना ते टॉवेल पुरवतात. मी शाळेत होते तेव्हापासून आमच्या मागांवरचा बराचसा माल त्यांच्याकडं जातो. एवढ्या वर्षांत ते आणि अप्पा प्रत्यक्ष भेटले असतील चार-पाच वेळा. दोघांचंही इंग्रजी मालापुरतं. रंग, वजन, कडेची शिलाई, बोट कधी सुटणार, एवढं त्यांना एकमेकांशी छान बोलता येतं. त्यापलीकडचं काही बोलायचं असलं की मला मध्ये बसवतात.

साहेबांची बायको वारल्यावर त्यांना पाठीचं दुखणं लागलं, त्यातून ते योगासनांकडं वळले आणि आता लोणावळ्याच्या एका योगसंस्थेत उपचारांसाठी आले होते. राहायला पुण्यातल्या ओळखीच्या कुणाचा तरी मळवलीचा बंगला. सोबत त्यांची मुलगी आन्या. कंपनी आता तीच बघते.

मला या बोलावण्यात नुसता पाहुणचार दिसत नव्हता. पुढच्या वर्षाची ऑर्डर दर पावसाळ्यात पक्की होते. त्या वर्षी दिवाळी उलटली तरी तिकडून "विचार चालू आहे" एवढंच येत होतं. म्हणून मी नव्या विणीचे आठ-दहा नमुने काढून घेतले, इस्त्री करून पिशवीत भरले आणि गाडीत ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

मळवली

स्टेशनवरून बंगल्यापर्यंत रिक्षाला दहा मिनिटंही लागत नाहीत, पण तेवढ्यात आमच्या डोळ्यांना सवय नसलेलं पुष्कळ दिसलं. आमच्याकडं जमीन दूरवर सपाट पसरते आणि आभाळाला टेकते. इथं कुठंही बघावं तर समोर डोंगर उभा. एका अंगाला लोहगड, त्याच्या शेजारी विसापूर, आणि खाली खाचरांत पिवळं पडलेलं भात, काही उभं, काही कापून आडवं घातलेलं. लांबून द्रुतगती मार्गाची घरघर सारखी ऐकू येते. पहिला दिवस ती नदीच वाटली मला.

क्लाउस साहेब फाटकात उभे होते. पुष्कळ वाळले होते. त्यांनी अप्पांना बघून दोन्ही हात जोडले, त्याच वेळी अप्पांनी शेकहँडसाठी हात पुढं केला. मग साहेबांनी हात पुढं केला तर अप्पांनी जोडले. शेवटी दोघं हसले आणि साहेबांनी अप्पांच्या खांद्यांना धरून त्यांना जवळ घेतलं. अप्पा आम्हा मुलींनाही कधी असं जवळ घेत नाहीत. ते ताठ उभे राहिले, पण बाजूला झाले नाहीत.

बंगल्याची देखभाल बबनभाऊ आणि त्यांची बायको हिरामावशी करतात. मागची भाताची खाचरं बबनभाऊंची स्वतःची. बंगले आले तशी आजूबाजूची बरीच जमीन गेली, पण यांनी आपली ठेवली. बबनभाऊंनी अप्पांच्या हातातली बॅग घेतली आणि विचारलं, "पाव्हणं, सोलापूर म्हंजे लय लांब. न्याहारी झाली का न्हाई?" झालीय म्हटलं तरी उपयोग नव्हता.

हिरामावशींनी वाढलेला इंद्रायणीचा भात मी विसरणार नाही. झाकण काढल्याबरोबर वास सगळ्या घरात. सोबत खाचरातल्या चिंबोऱ्यांचा रस्सा, म्हणजे बारक्या खेकड्यांचा. आमच्याकडं भात जेवणाच्या शेवटी, मूठभर, ताकाला आधार म्हणून. इथं तो आधी येतो आणि शेवटपर्यंत जात नाही. अप्पांचा भाकरीवाचून जीव अडतो हे मी हळूच सांगितलं तर मावशींनी तांदळाची भाकरी केली. पांढरीशुभ्र, मऊ. अप्पांनी ती सासुरवाडीला जेवावं तशी मुकाट्यानं खाल्ली, आणि मग पिशवीतून आमची कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा काढला. क्लाउस साहेबांना योगसंस्थेनं मूगखिचडी आणि दुधी सांगितला होता. त्यांनी आन्याकडं बघितलं, आन्यानं खिडकीबाहेर बघितलं, तेवढ्यात त्यांनी चमचाभर चटणी खिचडीवर घेतली. दर वर्षी नमुन्यांबरोबर अप्पा त्यांना एक पुडा पाठवतात. चटणीची चव त्यांना आमच्या टॉवेलांइतकीच ठाऊक.

जेवणानंतर मी पिशवी पुढं ओढली. आन्यानं वडिलांकडं बघितलं. वडिलांनी सोलापुरात पाऊस कसा झाला ते विचारलं. मी पाऊस सांगितला आणि पिशवी परत मागं सरकवली.

कार्ले

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ल्याची लेणी बघायला निघालो. गाडी अर्ध्या डोंगरापर्यंत जाते, पुढं पायऱ्या. अप्पा म्हणाले, ती पिशवी ठेव की घरी. मी ठेवली नाही. वर जाऊन निवांत बसलो की विषय काढता येईल असं माझ्या डोक्यात होतं.

पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना हार-नारळाची, बांगड्यांची, लिंबू सरबताची दुकानं. लेण्याला लागूनच एकवीरेचं देऊळ आहे, त्यामुळं माणसं मुख्यतः देवीला येतात. कोळणी ठसठशीत लुगडी नेसून, केसांत अबोली माळून आलेल्या. अप्पा आणि साहेब दोघांनाही दम लागत होता, चार पायऱ्या चढले की थांबायचे आणि आपण देखावा बघायला थांबलोय असं एकमेकांना दाखवायचे.

वर पोचायच्या जरा अलीकडं एका वानरानं माझ्या हातातली पिशवी ओढली. मी सोडली नाही, पिशवी फाटली, आणि वानर आमचा सगळ्यात चांगला आंघोळीचा टॉवेल घेऊन पिंपळावर जाऊन बसलं. तिथं त्यानं तो उलगडला, हुंगला आणि खांद्यावर टाकला. मला रडू यायचंच बाकी होतं. एका दुकानातल्या बाईंनी खोबऱ्याचा तुकडा भिरकावला तेव्हा वानरानं टॉवेल टाकून दिला. तो बरोबर क्लाउस साहेबांच्या पायाशी पडला. त्यांनी उचलला, झटकला, घामेजलेलं तोंड पुसलं, आणि व्यापारी माणसाच्या सवयीनं कडेची शिलाई चिमटीत धरून बघितली. मग ते जे हसायला लागले ते थांबेचनात. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं काही हसण्याचं नव्हतं असं मला तेव्हाही वाटलं.

चैत्यगृहात बाहेरचं ऊन एकदम मागं राहतं. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, वर लाकडाच्या कमानी, त्याही दोन हजार वर्षांच्या. तिथल्या राखणदारानं सांगितलं की यातले काही खांब यवनांनी, म्हणजे तेव्हाच्या ग्रीक लोकांनी, दान दिलेत, तशी अक्षरं खांबांवरच कोरलेली आहेत. कोकणातल्या बंदरांत माल उतरायचा, तो घाटानं वर यायचा, त्याबरोबर परदेशी व्यापारीही यायचे. मी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं. ते एका खांबावर तळहात टेकवून बराच वेळ उभे राहिले. त्यांनी अप्पांना विचारलं, हे लोक परत गेले असतील का आपल्या देशात? अप्पा म्हणाले, गेले असतील. माल संपला की माणूस घरी जातोच. मी त्याचंही इंग्रजी केलं आणि करताना काही लक्षात आलं नाही.

खळ्यावर

त्या दिवशी दुपारनंतर बंगल्यामागं बबनभाऊंच्या खळ्यावर भात झोडायचं काम चाललं होतं. हल्ली यंत्र भाड्यानं मिळतं, पण घरापुरतं भात ते अजून हातानं झोडतात. तिरक्या लावलेल्या फळीवर पेंढी आपटायची, दाणे खाली, पेंढा बाजूला. आम्ही ज्वारीची माणसं. मी पदर खोचून दोन-चार पेंढ्या आपटून बघितल्या आणि खांदा धरून बाजूला झाले. आन्या मात्र बराच वेळ टिकली. तिच्या केसांत, भुवयांत सोनेरी धूळ बसली होती.

अप्पा एका पोत्यावर बसले होते, साहेब पेंढ्याच्या ढिगावर. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, मला जे सांगायचंय ते नीट पोचलं पाहिजे, म्हणून तू बस.

त्यांनी फार वेळ घेतला. त्यांची कंपनी विकली गेली होती. विकत घेणारी कंपनी मोठी, तिची दुकानं बऱ्याच देशांत. एवढ्याशा कंपनीला आता एकटीनं टिकता येत नाही, तिकडचे कायदे वाढले, गिऱ्हाइकं स्वस्ताईवर गेली, आणि त्यांचं वय झालं. विकताना त्यांनी एक अट घालून बघितली होती, की सोलापूरची ऑर्डर निदान वर्षभर चालू ठेवावी. समोरच्यांनी ती मान्य केली नाही. हे त्यांना लिहून कळवता आलं नाही. मालक म्हणून त्यांचं हे शेवटचं वर्ष, म्हणून ते तोंडानं सांगायला आले होते. पाठ तर जर्मनीतही बरी झाली असती.

मी अप्पांकडं वळले. अप्पांनी हात वर करून मला थांबवलं. शब्द त्यांना कळले नसतील, पण बाकीचं सगळं कळलं होतं.

"त्यांना सांग, मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "सहा महिने माणूस मालाचं काही बोलत नाही, नुसती तब्येत विचारतोय, तेव्हा कळतंय की. मनाला लावून घेऊ नका म्हणावं. तुमचं-माझं चांगलं झालं. आता मोकळे व्हा."

मी ते सांगितलं. क्लाउस साहेबांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. आन्या पेंढी हातात धरून तशीच उभी. बबनभाऊंनी झोडणं थांबवलं, तांब्या घेऊन आले आणि अप्पांना हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं का त्यांच्यात?"

अप्पा म्हणाले, कोणी गेलं नाही, आमचा धंदा होता एकमेकांत, तो संपला.

बबनभाऊंनी ते ऐकून घेतलं. मग सुपात नवं भात भरलं आणि साहेबांच्या पुढ्यात उकिडवे बसले. "आमच्यात खळ्यावर आलेल्याला रिकामं लावत न्हाईत. सांगा त्यास्नी, ओंजळ करा म्हणावं." साहेबांनी ओंजळ केली. भरून सांडेपर्यंत बबनभाऊ ओतत राहिले.

ओटीवर

मला अप्पांचा फार राग आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं होतं की फाटक दिसत नव्हतं. ओटीवर चहा घेताना मी तो बोलून टाकला. म्हटलं, तुम्ही एका वाक्यात सोडून दिलंत. तुमचं मन मोठं झालं, पण उद्या कारखान्यात मला उभं राहायचंय. मागावरच्या मल्लेशला, शिलाईवरच्या अंबूबाईला मी काय सांगू? निदान सहा महिने मागून घ्यायचे होते. ते इतके हळवे झाले होते, नाही म्हणाले नसते.

अप्पांनी बशीतला चहा संपवला.

"म्हणूनच मागितलं नाही," ते म्हणाले. "हळव्या झालेल्या माणसाकडनं काय मागायचं? आणि त्याच्या हातात तरी काय उरलंय? त्याचं-माझं होतं ते मी संपवलं. त्याची पोरगी हाय, तू हाईस. तुमचं काय व्हायचं ते तुम्ही सुरू करा. आमच्या भिडेवर करू नका."

माझा राग लगेच गेला नाही. पण थोड्या वेळानं आन्या बाहेर आली, आणि तिला वराळ्याला एक गोदाम बघायला जायचं होतं, तू येतेस का असं तिनं विचारलं, तेव्हा मी चपला घातल्या. पिशवी या वेळी नेली नाही.

वराळे

वराळे तळेगावजवळ आहे. मळवलीहून तिथं जाताना मावळ कसं बदलत चाललंय ते दिसतं. खाचरं, मग बंगल्यांच्या भिंती, मग उंच इमारती, आणि एका वळणानंतर मोठमोठ्या शेड, त्यांच्यापुढं कंटेनर लावलेले ट्रक. नव्या कंपनीचा इकडचा माल त्यातल्याच एका गोदामात गोळा होतो. चादरी, पडदे, सतरंज्या, सगळं तिथं तपासून, घडी घालून, लेबल लावून बाहेर देशी जातं.

गाडीत आन्या सरळ बोलली. नव्या कंपनीनं तिला खरेदीसाठी ठेवून घेतलं होतं. ती मला ऑर्डर देऊ शकत नव्हती, पण आमचं नाव कारखान्याच्या तपासणीसाठी घालू शकत होती, इतर कुणाचंही घालावं तसंच. मग म्हणाली, तुला आवडणार नाही, पण तपासणीत तुम्ही नापास व्हाल. आणि एकेक सांगत गेली. डाईंगचं पाणी न गाळताच बाहेर. शेडला एकच दार. ओव्हरटाइमची नोंद नाही. कापसाच्या धुळीला तोंडावर काही नाही. ती दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं येऊन गेली होती, तेव्हाच तिनं हे बघितलं होतं.

मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललीस?

ती म्हणाली, "बाबांनी बोलू दिलं नाही. ते म्हणाले, ही आपली माणसं आहेत."

त्यांच्याकडून दर वर्षी "माल उत्तम" एवढाच शेरा यायचा आणि आम्ही तो देवाच्या फोटोशेजारी लावल्यासारखा मिरवायचो. तेवढ्या वर्षांत इतरांना कुणी ना कुणी टोचून टोचून पुढं नेलं होतं, आणि आम्ही मायेत होतो तिथंच राहिलो होतो.

गोदामात ज्योती नावाच्या सुपरवायझरनं आम्हाला फिरवलं. पस्तिशीची असेल, वराळ्याचीच. टेबलाच्या काचेखाली छोटा पंचशील झेंडा लावलेला. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्यांची वस्ती तेव्हा गावाबाहेर होती, हे तिनं आपण पत्ता सांगतो तितक्या सहज सांगितलं. तपासणी कशी होते ते मी तिला विचारलं, तर तिनं सगळं दाखवलं. बाहेर पडायची दारं, बायकांची विश्रांतीची खोली, आणि पगाराच्या पावत्या कशा ठेवतात ते. तपासायला आलेली परदेशी बाई बायकांना एकेकटीला बाजूला घेऊन प्रश्न विचारते, मालक समोर नसतो.

मी म्हटलं, त्रासच असेल तो.

"सुरुवातीला वाटला," ज्योती म्हणाली. "पण त्या बाईनं मला विचारलं, पाणी प्यायला उठायचं तर कुणाची परवानगी लागते का? ताई, आमच्या आजीला पाणी मागून प्यावं लागायचं. मला कामाच्या ठिकाणी हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी घरी जाऊन आईला सांगितलं."

तिनं ते हसत सांगितलं, पण आमचं दोघींचं चालणं थांबलं. मग ज्योतीच म्हणाली, चला, चहा घेऊ, आणि चहा घेता घेता तिनं सांगितलं की पहिल्या तपासणीत तेही नापास झाले होते, होतात सगळेच, त्याचं काही वाईट वाटून घ्यायचं नाही. काय आधी करावं आणि काय मागाहून चालेल, ते तिनं मला बोटांवर मोजून समजावलं. परतताना आन्यानं एवढंच विचारलं की मी नाव घालू का. मी म्हटलं, घाल.

वलवण

शेवटच्या दिवशी क्लाउस साहेबांची योगसंस्थेतली वेळ संपल्यावर आम्ही चौघं वलवणला धरणाकडं गेलो. आन्या आणि अप्पा पुढं गेले, अप्पा तिला सोलापुरी उन्हाळ्याबद्दल हातवारे करून काही सांगत होते. साहेब माझ्याबरोबर मागं राहिले. पाणी अगदी संथ होतं, पलीकडच्या डोंगराची सावली त्यात उतरली होती.

ते म्हणाले, आन्यानं तुला सांगितलं असेल, आणि तिचं खरं आहे. मग त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. माझी आई आजारी होती त्या वर्षी आमची एक खेप गेली होती, गडद निळ्या टॉवेलांची. त्यांचा रंग उतरायचा. पहिल्याच धुण्यात एका हॉटेलच्या पांढऱ्या चादरी निळ्या झाल्या. साहेबांनी तो सगळा माल परत घेतला, गॅरेजवाल्यांना पुसायला देऊन टाकला आणि आम्हाला काही कळवलं नाही. "तुझ्या आईचं कळलं होतं," ते म्हणाले. "त्या वेळी रंगाचं काय लिहायचं?"

थोडं चालून ते म्हणाले, लिहायला हवं होतं. त्या वर्षी नाही, तर पुढच्या वर्षी तरी.

मी त्यांचा हात धरला. आमच्याकडं परक्या पुरुषाचा हात कुणी असा धरत नाही, त्यांच्याकडंही बहुधा नसतील धरत. धरणाच्या भिंतीपर्यंत आम्ही तसेच गेलो.

परतल्यावर

गाडीत मी अप्पांना निळ्या टॉवेलांचं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. ते खिडकीतून बघत म्हणाले, "रंग उतरला होता ते मला तेव्हाच कळलंतं. डाईंगवाल्यानंच कबूल केलं. मी तक्रारीची वाट बघत होतो. तक्रार आली नाही, मग पुढच्या खेपेत काही खोकी जास्तीची घातली. गुपचूप."

मी म्हटलं, अप्पा, कागदावर नसलेला माल? कस्टममध्ये सापडला असता तर?

ते म्हणाले, सापडला नाही. आणि दौंड येईपर्यंत झोपले.

कारखान्यात येऊन मी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि जे झालं ते सांगितलं. ते सोपं गेलं नाही. मग शेडच्या मागच्या भिंतीला दार पाडलं. डाईंगचं पाणी गाळायची सोय केली, त्यासाठी काही जुने माग विकले, आणि त्या मागांवरचा मल्लेश दुसऱ्या कारखान्यात गेला. माझ्या लहानपणी त्यानं मला मागावर बसवून धोट्याला हात लावू दिला होता. जाताना तो अप्पांच्या पाया पडला, माझ्याकडं बघितलं नाही. तपासणीत आम्ही नापास झालो. मी वराळ्याला ज्योतीला फोन केला, ती म्हणाली, आता दुसरी. दुसऱ्या तपासणीला आलेल्या बाईनं अंबूबाईला बाजूला घेऊन पाण्याचं विचारलं. अंबूबाईनं तिला आधी माठातलं पाणी आणून दिलं आणि मग उत्तर दिलं. आम्ही पास झालो. ऑर्डर मिळाली, पूर्वीच्या निम्म्याहून कमी, भावही घासून. आन्या आता मालातली खोट निघाली की त्याच दिवशी कळवते. वाचून मला झोंबतं, मी ते डाईंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवते.

रविवारी क्लाउस साहेबांचा फोन येतो. व्हिडिओवर. आधी मला चार शब्द, मग अप्पांना. मालाचं काही बोलायचं नसल्यानं दोघांचे शब्द लवकर संपतात. मग साहेब आपली बाग दाखवतात, अप्पा आपलं मांजर.

परवा त्यांनी माझ्यामार्फत विचारलं की ते यंदा कार्तिकात पुन्हा मळवलीला येणार आहेत, अप्पा येतील का. मी अप्पांना म्हटलं, जायचं तर काय काम निघालंय म्हणून सांगू?

अप्पा मांजराच्या पाठीवरून हात फिरवत होते. म्हणाले, "काम कशाला पाहिजे? आयुष्यभर कामानं गेलो सगळीकडं. काम नसताना जाऊ की एकदा."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मग क्लाउस साहेबांनी तारखा विचारल्या.